हाताचे प्रमाण

रात्री दहाच्या सुमारास धूलकोटच्या बाजारातील शेवटचे दुकान बंद होते, दिवसभर गाड्यांनी उडवलेली धूळ रस्त्यावर पुन्हा निजते, सातपुड्याच्या रांगा काळोखात स्तब्ध होतात, आणि अशा वेळी माझ्या मुलाच्या दुकानामागील खोलीत एक निळसर उजेड तेवढा जागा राहतो. दिवसा याच खोलीत खसऱ्याच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, नकला, दाखल्यांचे अर्ज आणि परीक्षांचे फॉर्म छापून निघतात, आणि भिलाला-बरेला शेतकरी बाहेरच्या बाकावर आपापल्या कागदाची वाट पाहत बसलेले असतात. रात्री तोच संगणक माझ्या नातवाच्या ताब्यात जातो. बुऱ्हाणपूरच्या महाविद्यालयात शिकणारा हा मुलगा सुटीला गावी आला, की ‘काउंटर-स्ट्राइक’ नावाच्या नेमबाजीच्या खेळात पाच जणांच्या तुकडीत उतरतो, आणि मी, ज्याला म्हातारपणी झोप फार लवकर सोडून जाते, त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसतो.

आरंभी मला त्या खेळातले काही उमगत नसे. परंतु एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानी आली. डाव हरला, की नातू खेळातली एक यादी उघडी, तिच्यातील एक आकडा पुसून दुसरा घाली, आणि नव्या उमेदीने पुढच्या डावास बसे. काल २ होता, आज १.६ झाला, मध्यरात्री ०.९, पहाटे पुन्हा २. मी विचारले, “हे काय बदलतोस रे सारखे?” तो म्हणाला, “सेन्स, आबा. माझा सेन्स अजून जमतच नाही.” सेन्स म्हणजे माउसची संवेदनशीलता: हात किती सरकला असता खेळातील नजर किती वळावी, याचा ठराव. ते ऐकले आणि इतकी वर्षे बासनात बांधून ठेवलेले माझे सारे आयुष्य एकाएकी जागे झाले. कारण मी हयातभर महसूल खात्यात जमिनीची मोजणी केली आहे, आणि ज्याला हा मुलगा सेन्स म्हणत होता त्यालाच आम्ही आमच्या दफ्तरात प्रमाण म्हणत होतो.

आमच्याकडील गावनकाशांचे जुने प्रमाण सोळा इंचास एक मैल असे होते. त्याचा अर्थ असा, की कागदावरील एका इंचात जमिनीवरचे ३३० फूट, म्हणजे ६६ फुटी गंटरच्या साखळीच्या, आमच्या भाषेत जरिबेच्या, बरोबर पाच लांब्या सामावत. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वरिष्ठांनी मला एक गोष्ट शिकवली होती, ती अशी, की तुझ्या पेन्सिलीची रेघ इंचाच्या शंभराव्या हिश्शाइतकी जाड असेल, तर शेतकऱ्याच्या बांधावर ती तीन फुटांहून अधिक रुंद आहे, आणि त्या तीन फुटांपायी दोन सख्खे भाऊ जन्मभर कोर्टाची पायरी चढतील. प्रमाण म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. आपला हात केवढी चूक करू शकतो हे ओळखून, त्या चुकीला जगात किती जागा व्यापू द्यायची याचा पूर्वनिर्णय म्हणजे प्रमाण.

मग मी नातवाला म्हटले, की तुझ्या या यंत्राचे प्रमाण आपण एकदा मोजून काढू. त्यालाही कुतूहल वाटले. माउसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांतील फरकावरून आपण किती सरकलो हे ठरवतो. १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी जो पहिला माउस घडवला, तो लाकडी होता आणि त्याच्या पोटात परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. चाकांच्या जागी डोळा आला, तरी काम तेच राहिले: अंतर मोजावे आणि वर कळवावे. नातवाचा माउस एका इंचाच्या सरकण्यात ८०० वेळा कळवतो. यालाच मुले डीपीआय म्हणतात. खेळाचा कायदा असा, की सेन्स १ असता प्रत्येक खबरीस नजर ०.०२२ अंश वळते. आठशेला या अंकाने गुणले म्हणजे एका इंचास १७.६ अंश होतात, आणि ३६० अंशांची पूर्ण फेरी घ्यायला हात सुमारे ५२ सेंटिमीटर न्यावा लागतो. सेन्स २ केला की तीच फेरी २६ सेंटिमीटरांत संपते. दुसऱ्या खेळाचा कायदा निराळा. ‘व्हॅलोरंट’मध्ये एका खबरीस ०.०७ अंश मिळतात, म्हणून इकडचा आकडा तिकडे नेताना त्याला ३.१८ ने भागावे लागते, जसे बिघ्याचे हेक्टर करताना आम्ही कोष्टक समोर ठेवीत असू. आकडा बदलतो, जमीन तेवढीच राहते. म्हणून खेळाडूने लक्षात ठेवावी ती पूर्ण फेरीची सेंटिमीटरातली लांबी. ती हाताच्या भाषेत आहे, आणि एका खेळातून दुसऱ्यात, एका माउसवरून दुसऱ्यावर गेले तरी पालटत नाही.

हा हिशेब कागदावर मांडून झाल्यावर आम्ही पेन्सिलीच्या रेघेचा प्रश्न घेतला. सेन्स २ असता हात एक मिलिमीटर हलला, तर नजर जवळजवळ १.४ अंश हलते. सेन्स १ असता ०.७ अंश. आता खेळात वीस मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाचे मस्तक डोळ्याला किती मोठे दिसावे? अर्ध्या अंशाहून किंचित अधिक. म्हणजे त्या रात्री खिडकीतून सातपुड्याच्या माथ्यावर जो चंद्र दिसत होता, जवळपास त्याच्याएवढे. मी नातवाला बाहेर नेऊन तो चंद्र दाखवला आणि सांगितले, की तुझे लक्ष्य एवढे आहे, आणि तुझ्या आजच्या प्रमाणावर अर्धा मिलिमीटर हात थरथरला की तू चंद्राच्या पलीकडे जातोस. तो बराच वेळ वर पाहत उभा राहिला. इतके दिवस जे त्याला दैव वाटत होते, त्याला आता माप मिळाले होते.

“मग सेन्स अगदी कमीच करून टाकतो,” तो म्हणाला. येथे मला त्याला दुसरा धडा सांगावा लागला. मोठ्या प्रमाणाचा नकाशा मोठा कागद मागतो. गावठाणातील घरे दाखवायची तर सोळा इंची प्रमाणही अपुरे पडते. पण त्याहून मोठ्या प्रमाणावर सारे गाव काढायला बसाल, तर कागद टेबलावर मावणार नाही, आणि एका टोकाची हद्द पाहताना दुसरे टोक गुंडाळून ठेवावे लागेल. नातवाच्या माउसखालची चटई ४५ सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्या डाव्या अंगाला दुकानाचा प्रिंटर ठाण मांडून बसला आहे. शत्रू पाठीमागून आला, तर अर्धी फेरी एकाच ओढीत पुरी झाली पाहिजे. माउस उचलून पुन्हा ठेवण्यास तेथे अवकाश नसतो. चटईच्या मध्यावरून एका अंगाला साडेबावीस सेंटिमीटर मिळतात, आणि सेन्स १ ची अर्धी फेरी २६ सेंटिमीटरांची! जमिनीने आणि कागदाने मिळून जणू सीमा आखून दिली: पूर्ण फेरी ४५ सेंटिमीटरांहून लांब असू नये, आणि थरथरीच्या धाकाने ती फार आखूडही असू नये. त्या पट्ट्यात आम्ही १.२५ हा आकडा मुक्रर केला. एका इंचास बरोबर २२ अंश, पूर्ण फेरीस ४१.६ सेंटिमीटर, आणि एका मिलिमीटरास ०.९ अंशाहून थोडे कमी. पुढे कळले, की या खेळातील नामांकित खेळाडूंपैकी पुष्कळांची फेरी चाळीस ते सत्तर सेंटिमीटरांच्या आसपास असते. आमचा आकडा त्या रांगेच्या उंबरठ्यावर बसला, आणि प्रिंटर दुसऱ्या टेबलावर गेला, तर आणखी आत सरकेल.

मोजणी करताना एक दोष उघडकीस आला, तोही सांगणे अवश्य आहे. फूटपट्टी लावून माउस सावकाश सरकवला तर पडद्यावरील बाण थोडा जाई, आणि तेवढेच अंतर झपाट्याने नेले तर फार जाई. संगणकात एक सोय मुळातच चालू असते. तिच्यामुळे हाताच्या वेगाप्रमाणे प्रमाणच कमी-अधिक होते. कचेरीच्या कामात ती उपकारकही असेल, परंतु ज्याला नेम धरायचा आहे त्याच्या हाती ती म्हणजे ओढणाऱ्याच्या चालीप्रमाणे लांब-आखूड होणारी जरीब. नव्या खेळांपैकी बहुतेक माउसची खबर परभारे घेतात, त्यामुळे खेळात हा दोष शिरत नाही, तरीही आम्ही ती सोय बंद करून टाकली. साखळी वापराने लांबते, तिच्या कड्यांचे जोड झिजतात, म्हणून ठराविक मुदतीने ती प्रमाणित लांबीशी ताडून पाहण्याचा आमच्यात शिरस्ता असे. जे माप स्वतः स्थिर नाही, त्याने घेतलेली हजार मापे म्हणजे हजार तक्रारींचे बीज.

हाताची रीत काय आहे, याचा शोध शास्त्रज्ञांनी फार पूर्वी घेतला आहे. १८९९ साली वुडवर्थ यांनी दाखवून दिले, की लक्ष्याकडे जाणाऱ्या हाताच्या हालचालीचे दोन भाग असतात: पहिली एक झेप, जी निघण्यापूर्वीच ठरलेली असते, आणि मग डोळ्याच्या देखरेखीखाली केलेली बारीक दुरुस्ती. १९५४ साली पॉल फिट्स यांनी त्याला सूत्र दिले, की लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक लागतो. नातवाचे मित्र ज्याला फ्लिक म्हणतात ती वुडवर्थ यांची पहिली झेप होय, आणि नंतर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरील नेमाची खूण, मस्तकावर आणून ठेवण्यासाठी मनगट जे किंचित हलते, तो दुसरा भाग. सेन्स चढा असेल तर झेप सोपी आणि दुरुस्ती अवघड. सेन्स उतरता असेल तर दुरुस्ती सोपी आणि झेप लांबची. चढ्या प्रमाणावर मनगट एकटेच राबते. उतरत्या प्रमाणावर कोपर आणि खांदा यांनाही बोलवावे लागते, आणि मोठे सांधे मोठी कामे उचलतात तेव्हा बोटांना बारीक कामासाठी उसंत मिळते.

चढे आणि उतरते यांच्या मधले प्रमाण साधले म्हणजे काय होते, हे मी लहानपणीच पाहिले होते. बुऱ्हाणपूरला आमच्या घरी पाहुणे आले, की वडील त्यांना कुंडी भंडारा दाखवायला नेत. मोगल अमदानीत, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास ती पाण्याची योजना सिद्ध झाली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरून, शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्यांच्या वाटेने शहराकडे आणलेले, आणि कोठेही मोट नाही की रहाट नाही; सारे काम एकट्या उताराचे. त्यांतल्या एका कुंडीच्या तळाशी उतरून मी थंडगार पाण्यात हात घातला होता, आणि ते वाहते आहे हे डोळ्यांना कळण्याआधी बोटांना कळले होते. उतार अधिक असता तर पाण्याने बोगद्याचा तळ खरवडून काढला असता. कमी असता तर ते जागच्या जागी साचले असते. दोहोंच्या मधला तो ढाळ एकदा साधला, आणि चारशे वर्षांनंतरही पाणी त्याच वाटेने येते आहे. योग्य प्रमाणाची याहून चांगली ओळख मला माहीत नाही: ते साधले म्हणजे यंत्रणा दिसेनाशी होते आणि केवळ प्रवाह उरतो.

कोणी म्हणेल, खेळातल्या खोट्या बंदुकीसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याने खऱ्या बंदुकीकडे पाहावे. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील रतनपूर या खेड्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, हे दोघे अखिल श्योराण यांच्यासह २९ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मीटर रायफलच्या सांघिक सुवर्णपदकाचे मानकरी ठरले, आणि पुढच्याच वर्षी १ ऑगस्टला स्वप्नीलने पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात पन्नास मीटरांवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. रायफलचा दस्ता खांद्याला, गालाचा आधार गालाला, चाप बोटाला असा एकेक अवयव शरीराशी जुळवून घेण्यात नेमबाज महिनेच्या महिने घालवतात. गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही आसनांची जुळणी वेगळी, आणि तिची नोंद ज्याची त्याने जपलेली. पण एक गोळी हुकली म्हणून कोणी दस्त्याची लांबी बदलीत नाही. धूलकोटच्या आठवडी बाजारातही हेच दिसते. कुऱ्हाडीचा दांडा घेणारा बरेला शेतकरी चार दांडे उचलून हातात तोलतो, वाकवून पाहतो, हवेत एक-दोन घाव घालतो, आणि एक निवडून खांद्यावर टाकतो. मग वर्षानुवर्षे तोच दांडा त्याच्या तळहाताने गुळगुळीत होत जातो.

नातवाचा खरा रोग मला येथे सापडला. निवडण्यात त्याने कसूर केली नव्हती. त्याची कसूर होती ती निवड टिकवण्यात. मानवी हात शिकतो कसा, याविषयी एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एक सुंदर प्रयोग नोंदवून ठेवला आहे. वस्तू बाजूला सरकलेली दाखवणाऱ्या लोलकाच्या काचा डोळ्यांवर लावल्या, तर माणसाचा हात आरंभी चुकतो. थोड्याच प्रयत्नांत तो नव्या जगाशी जुळवून घेतो आणि वस्तूस अचूक स्पर्श करतो. परंतु काचा काढल्या, की तोच हात उलट बाजूस चुकू लागतो. म्हणजे हात आपल्या आत एक नकाशा काढीत असतो. प्रमाण बदलले तर तो तक्रार न करता नवा नकाशा काढायला घेतो. पण रोज रात्री प्रमाण बदलणाऱ्याच्या हाती शेवटी येतात ते वीस अर्धवट नकाशे, ज्यांतल्या एकाच्याही हद्दी दुसऱ्याशी मिळत नाहीत. कोणा विश्वविजेत्याचा आकडा उचलून आणल्यानेही हे भागत नाही. कारण तो आकडा त्याच्या खांद्याचा, त्याच्या मेजाचा आणि त्याच्या दहा-दहा वर्षांच्या रियाजाचा असतो.

म्हणून आम्ही एक करार केला. १.२५ हा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून, खाली तारीख घालून, ती चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली, आणि तीस दिवस त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. रोज डाव सुरू होण्यापूर्वी वीस मिनिटे नुसता सराव: भिंतीवरील एका खुणेवरून दुसरीवर जायचे, अर्धी फेरी घेऊन नेमके पाठीमागच्या खुणेवर थांबायचे, आणि हात खुणेच्या पुढे जातो की अलीकडे राहतो एवढे वहीत टिपायचे. आठवडाभर सतत पुढेच जात असेल तर आकडा चढा. सतत अलीकडेच राहत असेल तर उतरता. आणि कधी पुढे, कधी अलीकडे असेल, तर आकडा निर्दोष असून हात अजून कच्चा आहे, असे समजायचे. नातवाच्या वहीत दोन्ही बाजूंच्या फुल्या जवळपास सारख्या पडल्या. जो दोष तो इतके दिवस आकड्यात शोधीत होता, तो रियाजाच्या खात्यावर निघाला.

तीस दिवस उलटून गेले. नातू अजूनही हरतो. कधी रात्रभर हरतो. पण पूर्वी हरल्यावर तो म्हणे, “सेन्स चुकला,” आणि आता म्हणतो, “हात चुकला, आबा.” या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते कापायला मला नोकरीची कित्येक वर्षे लागली होती. प्रमाण कायम झाल्याखेरीज चूक कोणाची हे ठरत नाही, आणि चूक कोणाची हे ठरल्याखेरीज सुधारणा सुरू होत नाही. शेताची हद्द असो, पाण्याचा पाट असो, की पडद्यावरील चंद्राएवढे लक्ष्य असो, तिन्ही ठिकाणी न्याय हाच आहे. तेव्हा जी मुले आज गावोगावच्या मागील खोल्यांत आपला सेन्स शोधीत बसली आहेत, त्यांना एका जुन्या मोजणीदाराची विनंती आहे: आपली चटई मोजा, आपली अर्धी फेरी मोजा, त्यातून एक आकडा निवडा, त्याखाली तारीख घाला, आणि महिनाभर त्याच्याशी इमान राखा.